पंधरा दिवसांची सीट

लोकांना वाटतं, लांबचा प्रवास माणूस डोळ्यांनी करतो. घाट काय, धुकं काय, सूर्यफुलांची शेतं काय, फोटो टाकून टाकून जीव खातात. तीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवून मी एवढंच सांगतो, की लांबचा प्रवास माणूस ढुंगणाने करतो. ते एकदा ठणकायला लागलं की घाट दिसत नाही न् धुकं दिसत नाही. पुढचा ढाबा किती लांब आहे, तेवढंच दिसतं.

मी गंगाधर. करी रोडला एका चाळीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. लोक मला नाना म्हणतात. समोरच्या टॉवरमुळे दुपारी तीनलाच दुकानात दिवा लावावा लागतो, पण गिऱ्हाईक शोधत येतं. पुण्याहून येतं, नाशिकहून येतं. पूर्वी मी परळच्या एका थिएटरात खुर्च्यांना रेक्झीन लावायचो. थिएटर बंद पडलं तेव्हा रिक्षांच्या सीटवर आलो, आणि मग या मोठ्या टूरिंग गाड्या आल्या. गाडी तीन-चार लाखांची आणि सीट बघाल तर जणू शाळेचा बाक. कंपनीची सीट सगळ्यांसाठी बनवलेली असते, म्हणजे ती कोणाचीच नसते.

माझी पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी शेजारच्या शिवा भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करायचं. लोक हसतात, भंगाराच्या काट्यावर चढताना फोटो काढतात. काढा म्हणतो. मग त्याला गाडीवर बसवून मापं घ्यायची. बैठकीचं हाड कुठे टेकतं, मांडी कुठे घासते, पाठ कुठून वाकते, सगळं खडूने मांडायचं. मग दोन थरांचा फोम कापायचा, खाली कडक आणि वर नरम. नुसती मऊ सीट म्हणजे गोडबोल्या पाहुणा. पहिला तास मजेत जातो, चौथ्या तासाला त्याचा खरा स्वभाव कळतो. आणि शेवटी, त्या माणसाच्या वजनाएवढी वाळू गोणीत भरून ती गोणी त्या सीटवर पंधरा दिवस ठेवायची. नवा फोम खोटं बोलतो. वजनाखाली पंधरा दिवस दबला की तो जिथे खचायचा तिथे खचतो. मग तेवढं भरून, तासून, रेक्झीन चढवायचं. पंधरा म्हणजे पंधरा. एकदा एक गुजराती शेठ चौदाव्या दिवशी गाडी न्यायला आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवला होता.

हा हट्ट बाबांकडून आला. बाबा मिलमध्ये कापड तपासायला होते. ताग्यात एक धागा सुटलेला दिसला तरी ते ताग्यावर खूण करून बाजूला टाकायचे. साहेब ओरडले तरी खूण पुसायचे नाहीत. मी त्यांचाच मुलगा. खोट असलेला माल माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, ही फुशारकी मी जन्मभर मारली. त्या फुशारकीने काय केलं तेच सांगायला बसलोय.

गणपतीला चार-पाच दिवस होते. लालबागच्या बाजूला बांबू बांधून रस्ते अडवायला सुरुवात झाली होती. त्या गर्दीतून एकजण मोठी साडेसहाशे सीसीची टूरिंग गाडी घेऊन दुकानाशी आला आणि स्टँडवर लावायला त्याने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मी उठून हात लावला.

"जय भीम, नाना. मी सम्यक. कॉटन ग्रीनला राहतो. दगडू मेस्त्रीने पाठवलं."

दगडू म्हणजे माझ्या बाजूचा गॅरेजवाला. मी म्हटलं, "जय भीम. बोल."

चाळिशीचा असेल. लोअर परळला कुठल्याशा कंपनीत कामाला, गळ्यात अजून ऑफिसची पट्टी. त्याने मोबाइलवर यादी काढली. हँडल दीड इंच मागे आणि वर पाहिजे. वाऱ्याची काच उंच पाहिजे, मानेवर वारा नको. पाय ठेवायचे दांडे थोडे खाली पाहिजेत. मुठींवर जाड फोम पाहिजे. मागे बायको बसणार, तिला टेकू पाहिजे. क्लच जमेल तेवढा हलका पाहिजे. आणि सीट.

"क्लच हलका, मूठ जाड, वारा नको," मी म्हटलं. "अरे, मग स्कूटर घे ना. नाहीतर पालखी घे."

मला वाटलं चिडेल. तो हसला. म्हणाला, "नाना, हात चाललेत माझे."

त्याने डावा हात पुढे केला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला जो मांसल भाग असतो, तो तिथे नव्हता. नुसता खड्डा होता. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत जातात असला काहीतरी आजार, नाव इंग्रजी आणि लांबलचक. परळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की याला औषध नाही. आधी हात, मग पाय, मग मान, मग गिळणं आणि श्वास. हातांचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, दिवाळीपर्यंत काही करायचं असेल तर करून घ्या.

आणि त्याला एवढंच करायचं होतं. आधी महाड, चवदार तळं. मग अशोक विजयादशमीला नागपूर, दीक्षाभूमी. तिथून महू, बाबासाहेबांचं जन्मस्थळ. आणि परत दादरला, चैत्यभूमीवर. बायको मागे बसवून, गाडी स्वतः चालवून. त्याचे वडील मिलमधून सुटी काढून दरवर्षी नागपूरला जायचे, रेल्वेच्या डब्यात बारा-बारा तास उभ्याने. महूला काही त्यांचं जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत गेले. सम्यकने गाडी तीन वर्षांपूर्वीच घेतली होती. ती फक्त कॉटन ग्रीन ते लोअर परळ फिरली होती.

"म्हणून घाई आहे, नाना."

मी त्याला शिवाच्या काट्यावर उभा केला. चौऱ्याहत्तर किलो भरला.

आता खरं सांगायचं तर मला त्याची दया आली. पण त्याहून जास्त मला चेव आला. वाटलं, ही सीट आपल्या हातची सगळ्यात चांगली सीट झाली पाहिजे. बाकीच्यांना चारशे किलोमीटरवर दुखलं तर ते उतरतील, आळोखेपिळोखे देतील, परत बसतील. या पोराच्या अंगात तेवढी ताकद नाही. दुखलं तर संपलं. चांगल्या सीटची गरज असलेला असा माणूस तीस वर्षांत माझ्याकडे आला नव्हता. मी मनातल्या मनात हिशेब केला. गणपतीत फोम कापून होईल, विसर्जनानंतर गोणी चढेल, पंधरा दिवसांनी उतरेल. दसऱ्याला आठ-नऊ दिवस उरतात. बसतंय.

गणपतीचे दिवस बाहेर ढोल आणि आत मी. रस्त्यावर दर्शनाची रांग हलत नव्हती आणि माझी कात्री थांबत नव्हती. सात वेळा फोम बदलला. दगडूने क्लचचं काम मनापासून केलं. केबल नवी टाकली, तिचा बाक काढला, लांब दांडीचा लिव्हर लावला. दोन बोटांनी क्लच दाबून मला दाखवला आणि म्हणाला, "नाना, आता माझी पोरगी पण चालवेल."

मधे एकदा सम्यकची बायको आली. प्रिती नाव. महापालिकेच्या शाळेत शिकवते. मागच्या सीटचं माप द्यायला आली होती. मी तिला गाडीवर बसवलं, पाठ टेकवून बघायला सांगितलं, टेकूची उंची खडूने भिंतीवर मांडली. ती सांगेन तसं करत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. सम्यक दगडूशी बोलायला बाहेर गेला तशी ती हळूच म्हणाली, "नाना, माझ्यासाठी एवढं करत बसू नका हो. मला मागे फळी ठोकून दिलीत तरी मी महूपर्यंत बसेन. तुम्ही फक्त लवकर द्या."

"फळीवर बसशील तर वर्ध्यापर्यंत कंबर धरून रडशील," मी म्हटलं.

"रडेन ना मग. रडायला काय झालं?"

मी हसलो. बाईमाणसाला फोममधलं काय कळतं, असं मनात म्हटलं आणि टेकूला दोन इंच उंची वाढवली.

विसर्जन झालं. तिसऱ्या दिवशी मी गोणीत चौऱ्याहत्तर किलो वाळू भरली आणि सीटवर चढवली. सम्यक आणि प्रिती दोघं होती. सम्यकने त्या गोणीला हात जोडून, "सांभाळून बसा हां, साहेब," असं म्हटलं, आम्ही हसलो. प्रिती नाही हसली.

पंधरा दिवस गोणी बसून राहिली. सम्यक ऑफिसातून जाता-येता डोकवायचा. एकदा त्याच्या शर्टाची गळ्याजवळची दोन बटणं उघडी होती. मी म्हटलं, "काय रे, हिरो." तो म्हणाला, "लागत नाहीत, नाना. सकाळी प्रिती लावते, ऑफिसात सुटलं की सुटलं." तेव्हा तरी मी ती गोणी उचलून फेकून द्यायला पाहिजे होती. मला एवढंच सुचलं की मुठींवरचा फोम आणखी एक थर वाढवावा, आणि मी तो वाढवला.

सोळाव्या दिवशी तो गाडी न्यायला आला. खांद्याला बॅग होती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं होतं. महाडला त्याचा मामेभाऊ जेवण तयार ठेवून थांबणार होता. प्रितीने रजा टाकली होती.

मी कापड बाजूला केलं. देखणी झाली होती सीट, त्यात मला शंका नव्हती. काळं रेक्झीन, मधे जाळीचं कापड, दुहेरी शिलाई. सम्यक बसला. चाबी फिरवली, डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर टाकून क्लच दाबला. दाबला गेला. गाडी चालू झाली, त्याने गिअर टाकला, दुकानासमोर दहा पावलं पुढे नेली, परत आणली. चेहरा असा फुलला होता की बाजूचा शिवापण काटा सोडून बघायला आला.

आणि मला दिसलं, की तो नीट बसलेला नाही. सीटमध्ये जिथे त्याने भरून यायला पाहिजे होतं, तिथे दोन्ही बाजूंना पोकळी राहत होती. तो खोलगट भागात बसायच्या ऐवजी त्याच्या कडेवर टेकत होता.

"उतर," मी म्हटलं. "काट्यावर चल."

"राहू दे ना, नाना."

"चल म्हणतो ना."

सदुसष्ट. महिन्याभरात सात किलो गेलं होतं. आणि नुसतं वजन नाही, मांड्यांवरचं, पुठ्ठ्यांवरचं मांस गेलं होतं. मी ज्याच्यासाठी सीट बनवली होती तो माणूस त्या गोणीत होता. हा दुसराच होता.

"टोचतंय का?" मी विचारलं.

"थोडंसं. माकडहाडापाशी. चालेल ना."

"थोडंसं? दहा पावलांत थोडंसं टोचतंय ते नागपूरपर्यंत तुला सोलून काढेल. अशी सीट मी देणार नाही. परत करतो. नव्या वजनाची गोणी ठेवतो."

"नाना, दसरा आलाय."

"दसरा दरवर्षी येतो."

हे मी बोललो. समोर तो उभा होता, त्याचा तो खड्डा पडलेला हात गाडीच्या टाकीवर होता, आणि मी हे बोललो. जीभ झडली नाही माझी. बोलून झाल्यावर मला कळलं सुद्धा. पण कळल्यावर माणसाने जे करायला पाहिजे ते मी केलं नाही. मी आणखी मोठ्याने बोलायला लागलो. माझं नाव आहे, माझ्या हातची सीट घेऊन तू वाटेत अडकलास तर लोक काय म्हणतील, असं काय काय. दगडू मधे पडला. "नाना, एक उशी बांधून देऊ, जाऊ दे त्याला," म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू तुझे नटबोल्ट बघ.

सम्यकने चाबी काढून माझ्या हातावर ठेवली. गाडी त्याची होती. चाबी त्याची होती. तो सरळ बसून निघून गेला असता तर मी काय त्याच्यामागे धावणार होतो? पण तो पण गिरणगावातलाच. म्हणाला, "बाबा सांगायचे, कारागीर नाही म्हणाला तर त्याचं ऐकावं. करा तुम्ही, नाना." आणि बॅग घेऊन चालत गेला. प्रितीला त्याने फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती त्यानंतर दुकानात आली नाही.

दसऱ्याला घरी टीव्हीवर दीक्षाभूमी दाखवत होते. निळे झेंडे, पांढरे कपडे, स्तूपाभोवती माणसंच माणसं. मी बघत बसलो. शेवटी सुनेला म्हटलं, बंद कर ते. ती चमकून बघायला लागली, कारण एरवी मी रिमोट हातचा सोडत नाही.

दुसरी गोणी सदुसष्ट किलोची होती. ती मी पंधरा दिवस ठेवली नाही. बाराव्या दिवशी उतरवली. तीस वर्षांत पहिल्यांदा. तीन दिवस वाचवले म्हणून मला तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

सम्यकला फोन केला. तो टॅक्सीने आला, स्वतःचं हेल्मेट घेऊन. टॅक्सीवाल्याने दार उघडून त्याला हात दिला. डावा पाय थोडा ओढत होता. बोलणं जड झालं होतं, दोन घोट जास्त घेतलेल्या माणसासारखं. मी आणि दगडूने त्याला गाडीवर बसवलं.

सीट बसली. काय बसली म्हणून सांगू. जणू त्याच्याच अंगाचा भाग. पाठ सरळ, हँडल हाताशी, पाय जिथे पडायला पाहिजेत तिथे पडलेले. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "आहाहा, नाना." माझा ऊर भरून आला. खरंच भरून आला, खोटं कशाला बोलू.

मग त्याने क्लच दाबला. दाबला म्हणजे बोटं लिव्हरवर टाकली. बोटं तिथे नुसती ठेवलेली राहिली. त्याने दात आवळले, खांदा वर उचलला, कोपर मागे खेचलं. लिव्हर अर्धा इंचही हलला नाही. त्याने उजवा हात आणून डाव्यावर ठेवला आणि दोन्हींनी ओढलं. तेव्हा थोडासा हलला. पण दोन्ही हात क्लचवर असले तर गाडी कोण चालवणार? दगडूने खाली बसून केबल आणखी ढिली केली. पुन्हा करून बघ म्हणाला. सम्यकने पुन्हा केलं. दगडूने पुन्हा काहीतरी फिरवलं. चार वेळा झालं असेल. पाचव्या वेळी दगडू उठलाच नाही, पान्हा हातात धरून खालीच बसून राहिला.

रस्त्यावरून माणसं जात होती. एकजण थांबून, "मस्त गाडी आहे, कितीची आहे?" असं विचारून गेला.

मग सम्यक म्हणाला, "नाना, मला घरी सोडता का? मी मागे बसतो."

माझा गुडघा दुखतो, जड गाडी मी फारशी चालवत नाही. पण मी दगडूचं हेल्मेट घातलं. त्याला उतरवला, मागे बसवला, टेकूला पाठ लावली. त्याचे हात माझ्या पोटाशी आणले, तर ते एकमेकांत अडकेनात. दगडूने माझा ओढणीसारखा लांब गमछा आम्हा दोघांच्या कमरेभोवती बांधला. आणि पुढे मी बसलो, त्याच्या मापाच्या सीटवर, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सीटवर. मला ती जागोजाग टोचत होती.

लालबागवरून काळाचौकीला आलो. कॉटन ग्रीनला त्याच्या गल्लीशी वळायला लागलो तसा मागून आवाज आला, "सरळ घ्या, नाना. थोडं."

सरळ घेतली. गोदामं मागे पडली, ट्रकची रांग लागली. वारा उंच काचेवरून जात होता, त्याला लागत नव्हता. शिवडीला समुद्रावरच्या नव्या पुलाचा चढ जिथे सुरू होतो तिथे दुचाकींना बंदी असल्याची पाटी आहे. तिच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. खरं तर मला मागे तोंड करायचं नव्हतं, म्हणूनच बोलता आलं.

"सम्यक, मी नेतो तुला. आता लगेच. चेंबूरवरून पनवेल, पनवेलवरून महाड. संध्याकाळपर्यंत तळ्यावर पोहोचू. प्रितीला फोन करू."

त्याचं हेल्मेट माझ्या पाठीवर टेकलेलं होतं. मला वाटलं दमला म्हणून टेकलाय. मग कळलं, लालबागपासून ते टेकलेलंच होतं. हेल्मेटचं वजन मानेला उचलत नव्हतं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "इथवरच मान गेली."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पहिल्यांदा न्यायला आलास तेव्हाच मी गाडी द्यायला पाहिजे होती. माझी चूक झाली. मी तुझं वाटोळं केलं, पोरा."

ट्रक जात होते. एक गेला की दुसरा. त्यांच्यामधून त्याचं बोलणं तुटक ऐकू आलं.

"तेव्हा दाबत होतो ना क्लच. दोन बोटांनी."

"हो."

"गेलो असतो मग मी."

"हो. गेला असतास."

तो असू दे म्हणाला नाही. तुमचा काय दोष, असंही म्हणाला नाही, आणि मी त्याचीच वाट बघत होतो हे मला तेव्हा कळलं. थोड्या वेळाने म्हणाला, "सीट मात्र एक नंबर झाली." टोमणा असता तर मी तो आनंदाने झेलला असता. पण तो मनापासून बोलत होता. मेल्यासारखा होऊन मी गाडी वळवली.

त्याच्या इमारतीच्या गेटपाशी आलो तेव्हा प्रिती खालीच उभी होती. दगडूने फोन केला असणार. हातात शाळेच्या वह्यांची पिशवी तशीच होती. तिने आमच्या कमरेचा गमछा बघितला, पुढे बसलेला मी बघितला, आणि तिला सगळं कळलं. पिशवी भिंतीला टेकवून ती पुढे आली आणि गाठ सोडवायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिने दातांनी सोडवली.

सम्यकचा पाय सीटवरून पलीकडे येईना. मी उतरून एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या बाजूने. तो तिच्या अंगावर सगळा भार टाकून खाली आला. उभा राहिल्यावर त्याला धाप लागली होती. तिने त्याचं हेल्मेट काढलं, घामाने चिकटलेले केस बोटांनी मागे सारले, शर्टाचं बटण लावलं.

"बराच वेळ लागला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, त्यालाच. "कुठपर्यंत जाऊन आलात?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण तो माझ्याआधी बोलला. शब्द नीट यावेत म्हणून सावकाश, एकेक अक्षर लावत बोलला.

"शिवडीपर्यंत."